इटालियन शब्दांची घडण आणि नेवाशाची वाणी

प्रवरेच्या तीरावर नेवासें येथें शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपलें भाष्य देशी भाषेंत सांगितलें आणि सच्चिदानंदबाबांनीं तें लिहून घेतलें. अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील तें ठिकाण पैस खांबामुळें वारकऱ्यांना वंद्य झालेलें आहे. त्याच वर्षीं इटलींतील फ्लॉरेन्स नगरांत दान्ते हा पंचवीस वर्षांचा तरुण कवि होता. पुढें त्यानेंही आपलें महाकाव्य लॅटिन सोडून लोकांच्या बोलींत रचलें. या दोघांना एकमेकांचें नांवही ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु त्यांनीं उचलून धरलेल्या दोन भाषांचे शब्द शेजारीं मांडून पाहिले, तर परक्या प्रवाशाच्या चेहऱ्यांत घरचा तोंडवळा दिसावा तसें होतें.

लॅटिनमध्यें सातास ‘सेप्तेम्’ आणि आठास ‘ऑक्तो’ म्हणत. इटालियनमध्यें ते ‘सेत्ते’ आणि ‘ओत्तो’ झाले. रात्रीच्या ‘नोक्तेम्’चें ‘नोत्ते’ झालें, दुधाच्या ‘लाक्तेम्’चें ‘लात्ते’. दोन भिन्न व्यंजनें जवळ आलीं, कीं मागलें पुढल्याचें रूप घेतें. (ज्या घरांत व्रतवैकल्यें होतात, त्यांना ‘नक्त’ हा शब्द परिचयाचा असेल, दिवसभर उपवास करून रात्रीं भोजन करण्याच्या त्या व्रताचें नांव आणि इटालियन ‘नोत्ते’ हीं एकाच मुळाचीं लेंकरें आहेत.) आतां आपल्याकडे पाहावें. संस्कृत ‘सप्त’ महाराष्ट्री प्राकृतांत ‘सत्त’ झाला, ‘अष्ट’ ‘अट्ठ’ झाला, अन्नवाचक ‘भक्त’ ‘भत्त’ झाला आणि ‘दुग्ध’ ‘दुद्ध’ झालें. इटालियन भाषा या पायरीवर थांबली. मराठी आणखी एक पायरी उतरली. तिनें द्वित्तांतलें एक व्यंजन टाकलें आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर लांबविला. सात, आठ, भात, दूध हे आपल्या स्वयंपाकघरांतले शब्द असे सिद्ध झाले. झूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथांत या नियमांची शिस्तवार मांडणी केलेली आहे.

म्हणून ‘दूध’ हा ‘दुग्धा’चा बिघाड मानून सभेंत ‘दुग्ध’ म्हणण्याची जी हौस सुशिक्षितांत आढळते, ती अनाठायीं आहे. बिघाडाला नियम नसतो. येथें तर नियम आहे, आणि तोच हजारों मैलांवर दुसऱ्या लोकांनीं न शिकतां पाळला आहे. दान्तेलाही बोलोन्याच्या जोव्हान्नि देल व्हिर्जिलिओ या विद्वानानें लोकभाषेंत लिहिल्याबद्दल दोष दिला होता, तेव्हां ही हौस केवळ आपलीच नव्हे.

प्रत्ययांचेंही तसेंच. संस्कृतांत ‘दा’ धातूला प्रत्यय लागून ‘दातृ’ होतें, त्यावरून ‘दाता’. इटालियनमध्यें देणाऱ्याला ‘दातोरे’ म्हणतात, आणि नोकरी देणारा धनी म्हणजे ‘कामाचा दातोरे’. स्त्रीलिंगीं आपण ‘अभिनेत्री’ म्हणतों, इटालियन माणूस ‘आत्त्रीचे’ म्हणतो. त्यांतला ‘त्रीचे’ आणि आपली ‘त्री’ हीं एकाच कुळांतलीं आहेत.

मात्र धातु व प्रत्यय यांचा सांधा एके ठिकाणीं असतो आणि तोंडानें शब्द तोडण्याची जागा दुसरीकडे. इटालियन ‘कान्तान्ते’, म्हणजे गाणारा, यांत मूळ अंश ‘कान्त्’ हा आहे. परंतु उच्चारांत तुकडे पडतात ते कान्-तान्-ते असे. आपल्या ‘उठवतो’मध्यें धातु ‘उठ’, पण जीभ म्हणते उ-ठव-तो. बिचाऱ्या धातूचे दोन तुकडे होतात आणि बोलणाऱ्याला त्याची दादही नसते.

इटालियन शाळेंत मुलाला ओळीच्या शेवटीं शब्द तोडावयास शिकवितात तें असें: एकटें व्यंजन पुढल्या स्वराकडे जातें, ‘का-सा’, द्वित्त फुटतें, ‘लात्-ते’, ‘र’ पुढें जोडलेला असल्यास जोडी अभंग राहते, ‘पा-द्रे’. ‘स’ची जोडीही ते अभंग ठेवतात, ‘पा-स्ता’; आपण मात्र ‘रस्-ता’ असें म्हणतों. द्वित्ताकडे दुर्लक्ष केलें तर तेथें अर्थच बदलतो. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. आपल्याकडे ‘कला’ आणि ‘कल्ला’ यांत काय अंतर आहे, हें संगीताच्या बैठकीला गेलेल्या कोणासही सांगावयास नको.

देवनागरी लिपि येथें थोडी फसवी आहे. ती ‘पत्ता’ हा शब्द प-त्ता असा लिहिते. कान तो पत्-ता असा ऐकतो. आपल्या छंदःशास्त्रानें हें केव्हांच ओळखलें होतें. जोडाक्षरापूर्वींचें अक्षर गुरु, हा नियम सांगतो तो हाच, कीं जोडाक्षराचा पहिला भाग मागल्या अक्षराच्या पदरांत पडतो. ‘पुन्हा’सारख्या शब्दांत तसा आघात होत नाहीं, म्हणून तेथें ‘पु’ लघुच राहतो.

सर्वांत मोठा भेद शब्दाच्या अखेरीस आहे. इटालियननें अंत्य स्वर जपला, म्हणून तिचे बहुतेक शब्द स्वरांत संपतात आणि दान्तेच्या ओळींतले अकरा उच्चारावयव आजही मोजून घेतां येतात. ज्ञानेश्वरांच्या मराठींतही असा स्वर होता: गणेशु, प्रकाशु. ‘गणेशु’ तीन अवयवांचा. आजचा ‘गणेश्’ दोनच अवयवांचा, जरी लिहितांना अक्षरें तीन दिसतात. घरीं ज्ञानेश्वरी उघडून ती वर्तमानपत्रासारखी वाचली, कीं ओवी लंगडते, ती यामुळें. दोष ओवीचा नसतो. अभंगाचेंही तेंच. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यांत चार अक्षरें असतात, आणि त्या हिशेबांत ‘विठ्ठल’ हीं तीन अक्षरें धरावीं लागतात. बोलण्यांत ‘विठ्-ठल्’ एवढेंच उरतें. कीर्तनकार टाळाच्या ठेक्यावर शेवटच्या ‘ल’चा अकार लांबवितो, तेव्हां व्यवहारांतून गेलेला तो स्वर पुन्हा ऐकूं येतो.