एकोणपन्नास रुपयांची गोष्ट आणि पाच तारे

(मंडळाच्या गणेशोत्सवात, भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा हा लिखित पाठ. बोलण्याच्या ओघातील काही भाग कमी केला आहे.)



आरती झाली, प्रसाद झाला आणि जेवणाची पाने वाढायला अजून अर्धा तास आहे. ही मधली जागा कार्यकारिणीने मला दिली, याबद्दल आभार. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येऊ लागला की मी आपोआप थांबेन, काळजी नसावी.

विषय ऐकून दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारले, "काका, तुम्ही प्रेमकथा वाचता? आणि तीही मोबाईलवर?" होय, वाचतो. प्रेमकथा वाचतो, पऱ्या-राक्षस-जादूच्या गोष्टी वाचतो, आणि वाचून झाल्यावर त्यांवर दहा-पंधरा ओळींचे परीक्षणही लिहितो. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, मी इकडे वळलो. आमच्या सौ. म्हणतात, निदान आवाज तरी होत नाही.

आपल्यातील जुन्या मंडळींना आठवत असेल. पूर्वी कुणी नागपूरला निघाले की त्याच्या खिशात पुस्तकांची यादी कोंबली जायची. परत येताना बिचाऱ्याच्या पिशवीत संत्री कमी आणि पुस्तके जास्त. एक कादंबरी सेक्टरभर फिरायची आणि शेवटी मुखपृष्ठाशिवाय घरी यायची. आता यादी नाही आणि पिशवीही नाही. किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तके रीतसर मिळू लागली. आज रात्री दोन वाजता मराठी गोष्ट वाचावीशी वाटली तर ४९ रुपयांत ती दोन मिनिटांत हातात येते. इंग्रजीत तर अशा छोट्या गोष्टींचा समुद्रच आहे.

या गोष्टी स्वस्त आहेत म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या त्या स्वस्त आणि छोट्या पुस्तकांतूनच, आणि त्या वाचत कितीतरी लोक वाचक झाले. अद्भुत आणि प्रेम यांची जोडीही आपल्याला नवी नाही. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी १८६८ सालची. म्हणजे मराठी कादंबरीने चालायला शिकतानाच प्रेम आणि अद्भुताचे बोट धरले होते.

अमेरिकेतील अमांडा हॉकिंग या तरुणीचे उदाहरण पाहा. प्रकाशकांनी तिच्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा नाकारल्या होत्या. २०१० मध्ये तिने त्या स्वतःच ई-बुक म्हणून विकायला ठेवल्या. विषय हाच, प्रेम आणि अद्भुत. किंमत एका डॉलरपासून तीन डॉलरच्या आत. वर्षभरात दहा लाखांवर प्रती गेल्या आणि २०११ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने तिच्याशी चार पुस्तकांसाठी वीस लाख डॉलरचा करार केला. अशी भाग्यवान माणसे फार थोडी, हे खरे. पण दार उघडे आहे, हेही खरे.

मात्र या उघड्या दारावर पहारेकरी नाही. छापील पुस्तकामागे संपादक असतो, मुद्रितशोधक असतो, पैसे घालणारा प्रकाशक असतो. चार माणसांनी वाचल्यावर पुस्तक आपल्याकडे येते. स्वतः प्रकाशित केलेल्या ई-बुकात लेखकाने बटण दाबले की झाले. नमुना म्हणून पुस्तकाचा सुमारे दहावा भाग फुकट वाचता येतो. तीनशे पानी कादंबरीत दहावा भाग म्हणजे तीस पाने, तेवढ्यात अंदाज येतो. पण तीस पानी गोष्टीचा दहावा भाग म्हणजे तीन पाने, आणि त्यात नाव, अर्पणपत्रिका व ऋणनिर्देश संपत नाहीत तोच नमुना संपतो! मग वाचक कशावर विसंबतो? आधी वाचलेल्यांनी काय लिहिले आहे, त्यावर. म्हणजे संपादकाने करायची राखण इथे तुमच्या-माझ्यासारख्यांवर आली आहे.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. ते थोडे माझ्याच विरुद्ध आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळातील एका मुलीने तिची पहिली मराठी गोष्ट ई-बुक म्हणून प्रसिद्ध केली. तिचे नाव घेत नाही, पण ही हकिकत सांगायला तिची परवानगी घेतली आहे. शिवनाथ नदीच्या डोहातील एक जलकन्या आणि नदीकाठच्या पंपहाऊसवर रात्रपाळी करणारा एक मुलगा, यांची ती प्रेमकथा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, "आपल्या लेकीचे पुस्तक आले आहे, सर्वांनी पाच तारे द्यावेत." आपण सर्वांनी दिले. मीही दिले. खाली लिहिले, "अप्रतिम! ओघवती भाषा! पुढील लेखनास शुभेच्छा!" मित्रहो, मी त्या गोष्टीची चार पाने वाचली होती. त्यापुढे वाचलीच नव्हती.

माझी नोकरी कुठे झाली ते इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. रुळांच्या तपासणीत. अल्ट्रासोनिक यंत्राने रुळाच्या पोटातला दोष शोधायचा. न तपासता शिक्का मारला असे माझ्या हातून तिथे एकदाही घडले नाही. रिजेक्शन वाढले म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण शिक्का मारला नाही. आणि घरी सोफ्यावर बसून, चहा पिता पिता, मी न तपासलेल्या मालावर पाच ताऱ्यांचा शिक्का मारून मोकळा झालो.

त्या शिक्क्यांवर विश्वास ठेवून तिने त्याच पद्धतीने दुसरी गोष्ट लिहिली. तोवर पहिली गोष्ट कुठल्यातरी दूरच्या, अनोळखी वाचकाने विकत घेतली होती. त्याने एक तारा दिला आणि सहा ओळी लिहिल्या. जलकन्या पाण्याबाहेर घटकाभरही जगू शकत नाही असे दुसऱ्या पानावर सांगितले आहे, मग चौदाव्या पानावर ती मुलाला अडवायला दुर्ग स्टेशनवर कशी पोचते? मुलाचे तिच्यावर प्रेम बसते ते ती सुंदर आहे म्हणून, एवढेच? शेवटी त्याने लिहिले होते, "वरचे पाच तारे देणाऱ्यांनी पुस्तक उघडले तरी होते का?"

ती मुलगी मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "काका, तुम्हाला हे दिसलं नव्हतं का?"

काय सांगणार? "दिसलं होतं" म्हणालो तर मी खोटारडा, "दिसलं नाही" म्हणालो तर मूर्ख. खरे ते सांगितले, "बाळ, मी वाचलंच नव्हतं." ती काही न बोलता निघून गेली. दोन्ही गोष्टी तिने विक्रीतून काढून घेतल्या. पुढचे वर्षभर मंडळात समोरासमोर आलो तरी ती माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलली नाही.

त्या रात्री मी ती गोष्ट शेवटपर्यंत वाचली. एक तारावाल्याचे दोन्ही आक्षेप बरोबर होते. पण एक गोष्ट त्यालाही दिसली नव्हती. रात्री तीनला वीज जाते, पंप बंद पडतो, आणि इतके दिवस त्या घरघरीखाली दबलेला नदीचा आवाज मुलाला पहिल्यांदा ऐकू येतो. त्या आवाजात त्याला तिचा आवाज लागतो. ते दीड पान इतके खरे होते की मी पुस्तक बाजूला ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. रात्रपाळी केलेल्या माणसालाच यंत्र थांबल्यानंतरची ती शांतता कळते. तिच्या वडिलांनी आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, तिथून तिला ते मिळाले असणार. हे तिला सांगणारे जगात कुणीच नव्हते. आम्ही सारे "अप्रतिम" म्हणालो, पण काय अप्रतिम ते एकानेही सांगितले नाही.

तेव्हापासून मी ठरवले की वाचायचे ते पूर्ण, आणि लिहायचे ते पत्त्यासकट. रूळ नापास करताना "खराब आहे" एवढे लिहून चालत नाही. दोष कुठे आहे आणि किती खोल आहे ते लिहावे लागते. कौतुकालाही हाच नियम लावावा. कुठल्या पानावर, कुठला प्रसंग, का आवडला.

माझ्या वहीत प्रत्येक गोष्टीसाठी काही प्रश्न असतात. तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला प्रश्न, ही गोष्ट आहे की गोष्टीचा पहिला हप्ता? ज्या योजनेत वाचक महिन्याची वर्गणी भरून हवी तितकी पुस्तके वाचतो, त्या किंडल अनलिमिटेडमध्ये जुलै २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळतात. त्यामुळे काही जण पाणी घालून आमटी वाढवतात, तर काही जण ऐन रंगात तोडून "पुढे भाग दोनमध्ये" लिहितात. मालिका असणे हा दोष नाही. ती आधी न सांगणे हा दोष. परीक्षणात ते स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढच्याचे ४९ रुपये आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

दुसरा, प्रेमकथा असेल तर या दोघांनी आजच लग्न का करू नये? मधला अडथळा खरा हवा. एका फोनने मिटणारा गैरसमज तीस पाने ताणला असेल तर तसे लिहावे. मात्र "शेवट गोड होणार हे आधीच कळले" ही तक्रार करू नये. अमेरिकेतील प्रेमकथा-लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्याच अशी केली होती की, केंद्रस्थानी प्रेमकथा आणि शेवट समाधान देणारा, आशादायी. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नाव शेवटी किनाऱ्याला लागते म्हणून आपण भटजींकडे तक्रार करतो का? ती लागणार हे ठाऊक असते, आपण ऐकतो ती कशी लागते ते.

तिसरा, अद्भुतकथा असेल तर जादूचा नियम कोणता, आणि लेखकाने तो पाळला का? जादू काहीही करू शकत असेल तर कसलीच भीती उरत नाही. छोट्या गोष्टीला एकच अद्भुत पेलवते. परी, राक्षस, कालप्रवास आणि पुनर्जन्म असे सगळे वीस पानांत आले की वाचकाची लग्नाच्या पंगतीतल्यासारखी अवस्था होते. ताटात सगळे असते आणि चव कशाचीच लागत नाही.

चौथा प्रश्न मजकुराचा. जुन्या फॉन्टमधून आणलेल्या मराठीत जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. हे जरूर लिहावे, पण वेगळे लिहावे. तो गोष्टीचा दोष नाही, आणि ई-बुकात तो एका संध्याकाळी सुधारता येतो.

आणि शेवटचा प्रश्न स्वतःला. मी हे लेखकाच्या तोंडावर म्हणू शकेन का? मीही एकदा एका राजकुमाराच्या कथेची यथेच्छ टर उडवली होती. पुष्कळांना ती आवडली. महिन्याने पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की माझ्या पंधरा ओळींत माझी हुशारीच भरली होती, गोष्टीबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या. मी ते काढून टाकले.

आणखी एक सांगायला हवे. आपल्या माणसाच्या पुस्तकाला आपण जाहीर तारे द्यावेत की नाही? ॲमेझॉनच्या नियमांप्रमाणेच जवळच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी देऊ नयेत. मला ते पटते. माझे ते पाच तारे आधीच काढायला हवे होते, पण मी हलण्याआधी तिने पुस्तकच काढले. आपल्या माणसासाठी आपण करायचे काम वेगळे आहे. पुस्तक येण्याआधी हस्तलिखित मागून घ्यावे, दोन संध्याकाळी खर्चाव्यात, आणि चहावर बसून पानागणिक सांगावे. परक्या गावात आपण एकमेकांचे आप्त झालो. अडीअडचणीला, रक्त द्यायला, रात्री-अपरात्री धावतो. मग आपल्याच लेकीची तीस पाने वाचायला आपल्याला वेळ का मिळू नये?

तिने अजून नवी गोष्ट प्रसिद्ध केलेली नाही. करील की नाही, मला ठाऊक नाही. पण गेल्या दिवाळीत फराळाच्या डब्याबरोबर तिने एक पाकीट पाठवले. आत अकरा पाने होती. जलकन्या या वेळी डोह सोडत नाही, मुलालाच काठावर यावे लागते. पहिल्या पानावर वर पेन्सिलीने लिहिले होते, "काका, या वेळी आधी वाचा."

वाचले. तीनदा वाचले. पाचव्या पानावर एक दोष आहे, आणि नवव्या पानावर एक वाक्य असे आहे की मला हेवा वाटला. दोन्ही तिला जाऊन सांगितले. तारे दिले नाहीत.

मसालेभाताचा वास आला आहे, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!