परसातला बटाटा

बटाटा म्हणजे बाजारातून आणायची वस्तू, असे आपण धरूनच चालतो. पण परसात दहा-बारा हात जागा असली, तर घरापुरते थोडे बटाटे तिथेही निघतात. दिवाळीच्या सुमारास लावा. बटाटा थंडीत पोसतो. रात्री गार नसल्या की नुसता पाला माजतो.

मागल्या खेपेला तिथे वांगी, टोमॅटो की मिरची होती? मग दुसरी जागा बघा. ही सारी बटाट्याच्याच कुळातली. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो.

बेणे डोळे फुटलेले घ्या. मोठा बटाटा चिरला तरी चालतो, मात्र दर फोडीला दोन डोळे तरी हवेत. फोडी दोन दिवस सावलीत सुकू द्या, नाहीतर कुजतात. शेणखत घालून माती भुसभुशीत करा. दोन ओळींत दोन फूट आणि दोन फोडींत वीतभर अंतर ठेवा.

आता मुख्य गोष्ट ऐका. बटाटा हे मूळ नव्हे. ते जमिनीखाली फुगलेले खोड. त्याला उजेड लागला की ते हिरवे पडते, आणि आत सोलॅनिन नावाचे विष वाढते. ते उकडून जात नाही. असा बटाटा खाल्ला तर ओकाऱ्या, जुलाब, पोटात कळा. लेकरांना लवकर बाधते. "एवढासा हिरवा, टाकायचा कशाला?" असे आयाबाया म्हणतात. कष्टाचे पीक टाकवत नाही, हे आम्हालाही कळते. म्हणून तो हिरवा होऊच देऊ नये. रोप वीतभर वाढले की बुडाशी मातीची भर द्या. पुन्हा पंधरा-वीस दिवसांनी द्या. पाण्याने माती वाहिली, बटाटा उघडा दिसला, की लगेच खुरप्याने झाका. उघड्या बटाट्यावर पाकोळी अंडी घालते, तेही टळते.

झाडाला कधी टोमॅटोसारखी हिरवी बोंडे येतात. तीही विषारी. पोरांना तोडू देऊ नका.

तीन-साडेतीन महिन्यांनी पाला पिवळा पडतो. मग पाणी तोडा. आठ-दहा दिवसांनी पाला कापा, आणखी दहा दिवस थांबा. एक बटाटा उकरून अंगठ्याने घासा. साल निघाली नाही, तर काढायला हरकत नाही. कुदळ बुडापासून वीतभर लांब मारा.

काढलेले बटाटे सावलीत वाळवा, धुऊ नका. अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवा. कुदळ लागून चिरलेले वेगळे काढा आणि ते आधी रांधा.