घरचं तपासायचं राहून गेलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात आपले एक सभासद डॉक्टर यांनी केलेले भाषण)



बोलायचं आमंत्रण देताना सेक्रेटरींनी मला बजावलं होतं, "डॉक्टर, आनंदाचा प्रसंग आहे. कॅन्सरबिन्सर नको, हलकंफुलकं बोला." मी हो म्हटलं खरं. पण या सोसायटीने २५ वर्षांत मला काय दिलं, हे कॅन्सर वगळून सांगताच येत नाही. सेक्रेटरींनी माफ करावं.

माझे वडील साताऱ्याकडच्या गावातून पिंपरीला कंपनीत लागले. तीन पाळ्या. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तळहातावर तंबाखू-चुना मळणारे त्यांचे सोबती मी लहानपणापासून बघितले. आज माझ्यासमोर चाकणच्या कारखान्यांतली तरुण मुलं येऊन बसतात. कधीपासून खाता विचारलं, तर उत्तर तेच: "सर, नाइटला झोप येते." महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी ज्याला हवी त्याला मिळते.

ऑपरेशननंतर अनेकांना रेडिएशन द्यावं लागतं. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, म्हणजे साधारण ३० खेपा. यंत्राखाली काही मिनिटंच जातात, पण अख्खा दिवस मोडतो. महात्मा फुले योजनेत उपचाराचा खर्च निघतो, बुडालेला रोज निघत नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला खाडा पडला की पैसे कापले जातात. दहा-बारा खेपा झाल्या की एखादा येईनासा होतो. फोन केला तर म्हणतो, "आता बरं वाटतंय सर." बरं वाटत नसतं. घरभाडं द्यायचं असतं.

मी शिकलो परळच्या टाटा मेमोरियलमध्ये. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. देशभरातून लोक तिथे येतात आणि त्यातले कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथे मी पाहिलं, की शेजारच्या खाटेवरचा बिहारचा माणूस आमच्या बार्शीच्या माणसासाठी चहा घेऊन येतो. भाषा कळत नाही, पण तो येतो. हे सगळं मी पाहिलं आणि विसरलो. आठवण करून दिली ती या सोसायटीने.

आपल्यातल्या जुन्या लोकांना माझी आई आठवत असेल. टँकरच्या पाण्याचे दिवस होते, तेव्हा बादल्यांच्या रांगेत सर्वांत आधी उभी राहणारी. ती सकाळी मिश्री लावायची. घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. दिवसभर मी लोकांना सांगायचो, तंबाखू सोडा. घरी आल्यावर मात्र आईला काय बोलायचं, असं वाटून गप्प बसायचो. खरं सांगायचं तर रात्री नऊला घरी आल्यावर मला कुणाशीच बोलावंसं वाटत नसे. मुलीचं गॅदरिंग, बायकोचे वाढदिवस, सगळं 'पुढच्या वर्षी' वर गेलं. घर बायकोने ओढलं.

एका संध्याकाळी जिन्यात तळमजल्यावरच्या काकूंनी मला थांबवलं. "डॉक्टर, आई हल्ली भाकरी आमटीत भिजवून खातात. तिखट तर घेतच नाहीत. तुम्ही बघितलंत का?" मी म्हटलं, "दात दुखत असेल." वर गेलो. स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली आईला आ करायला लावलं आणि टॉर्च मारली. डाव्या गालाच्या आत जे दिसलं, ते कळायला मला रिपोर्टची गरज नव्हती.

आई एवढंच म्हणाली, "दिवसभर लोकांची तोंडं बघतोस. माझं कधी बघशील, असं वाटायचं."

मी नातेवाइकांना नेहमी सांगतो, पेशंटपासून लपवू नका. त्या रात्री मीच बायकोला म्हटलं, "आईला कळू देऊ नकोस." दुसऱ्या दिवशी चहा पिताना आईनेच विचारलं, "कॅन्सरच ना रे?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग तोंड का लपवतोस? पुढचं सांग."

जबड्याचा भाग काढावा लागला. मग ३० खेपा. माझी ओपीडी चालूच होती. तेव्हा ए विंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी कागदावर पाळ्या आखल्या: सोमवारी कोणाची गाडी, मंगळवारी कोण सोबत बसणार. एकही खेप चुकली नाही. काकू रोज पातळ पेज पाठवायच्या. आई त्यानंतर सहा वर्षं जगली. दोन महिने आधी बघितलं असतं तर जबडा वाचला असता का? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

आता एक विनंती. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, नुसतं डोळ्यांनी बघून लोकांची तोंडं तपासली. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. म्हणजे उजेड हवा, आणि बघणारं माणूस हवं.

महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तीन आठवड्यांत न भरलेली जखम? तिखट झोंबतं का? तोंडात तीन बोटं उभी मावतात का? शंका आली तर दाखवा. आपल्या आईवडिलांना विचारा. आणि आपला वॉचमन, ड्रायव्हर, घरकामाच्या ताई यांनाही विचारा. त्यांच्यापैकी कुणाला उपचार लागले, तर खाडा धरू नका. त्या दिवसांचा पगार चालू ठेवा. मेंटेनन्सच्या हिशेबात एवढी रक्कम सहज बसेल. खजिनदार मान हलवताहेत, म्हणजे बसेल.

पाळ्यांचा तो कागद मी अजून जपून ठेवलाय. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता क्लबहाउसमध्ये मी टॉर्च घेऊन बसणार आहे. या, आणि येताना घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन या.