वृद्धाश्रमाची निवड करताना



घरातील वडीलधाऱ्यांना वृद्धाश्रमात ठेवावयाचे म्हटले की आपल्याकडे अद्याप संकोच वाटतो. त्यापायी चौकशी घाईने व गुपचूप होते, आणि निवड चुकते. मुले परगावी, घरी पाहणारे कोणी नाही, अशा वेळी आश्रमाचा आधार घेण्यात कमीपणा नाही. धोका आहे तो चौकशी न करण्यात.

पुष्कळांची चौकशी बाग, देऊळ आणि मासिक शुल्क यांपाशीच थांबते. खरा प्रश्न पुढचाच आहे. आज हिंडती-फिरती असलेली व्यक्ती उद्या अंथरुणास खिळली तर काय? अनेक आश्रम स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात आणि प्रकृती ढासळल्यावर नातेवाइकांना बोलावून घेतात. ही अट प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावी. रात्री सोबतीला कोण असते, डॉक्टर केव्हा येतात, रुग्णालय किती दूर आहे, न्हाणीघरात आधाराचे दांडे आहेत काय, हेही पाहावे. अनामत रक्कम परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. एकदा न कळविता, जेवणाच्या वेळी जाऊन तेथील रहिवाशांशी बोलावे. शक्य असल्यास वृद्ध व्यक्तीस चार दिवस तेथे राहून पाहू द्यावे.

ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांचाही विचार कायद्याने केला आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला निदान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. ज्यांना स्वतःचा निर्वाह करता येत नाही, अशा वृद्धांना मुलांकडून निर्वाहखर्च मिळण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. शेत वा घर मुलांच्या नावे करताना सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येते. मार्गदर्शनासाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

दाखल्यासाठी वा सल्ल्यासाठी अशी कुटुंबे सरपंचांकडे, ग्रामसेवकांकडे, शिक्षकांकडे येतात. त्या वेळी बोलतात ती मुले. म्हातारे माणूस बहुधा गप्प बसलेले असते. मुलांना क्षणभर बाहेर थांबावयास सांगून, "आजी, तुमची इच्छा काय आहे?" एवढे त्यांना एकांतात विचारावे. उत्तर नकारार्थी आले, तर पुढील कागद करण्याची घाई करू नये. निवड आश्रमाची असली, तरी उरलेले आयुष्य त्यांचे आहे.