नकाशाआधीचा महाराष्ट्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोल्हापुरात खेळाविषयी बोलायचं म्हणजे खासबागेतल्या कुस्तीविषयी, नाहीतर पेठांच्या फुटबॉलविषयी बोलायचं, असा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. मी बोलणार आहे क्रिकेटविषयी, आणि तेही पुण्याच्या एका कॉलेजातल्या संस्कृतच्या प्राध्यापकाच्या संघाविषयी. या गोष्टीत आपलं कोल्हापूरही आहे. पण ते शेवटी येईल, तोवर थोडा धीर धरा.

माझे वडील १९४० साली राजाराम कॉलेजात शिकत होते. त्यांचे थोरले बंधू, आमचे अण्णा, अंगात खादी घालत आणि गांधीजींचा शब्द प्रमाण मानत. घरात वर्तमानपत्र एकच येई. पहिलं पान अण्णांचं, खेळाचं पान वडिलांचं. पहिल्या पानावर हिटलर असे, पॅरिसचा पाडाव असे, लंडनवरचे बाँब असत. आणि खेळाच्या पानावर रणजी करंडकाचे धावफलक. अण्णा एकदा वैतागून म्हणाले, "जग पेटलंय, आणि तू धावा मोजत बसलायस व्हय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि त्या हिवाळ्यात भारतात येणारा इंग्लंडचा संघ आलाच नाही. इंग्लंडमधली काउंटी स्पर्धा बंद पडली. पुढे ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्डही थांबली. रणजी स्पर्धा मात्र युद्धाची सगळी वर्षं अखंड चालू राहिली. त्यातले पहिले दोन हंगाम, १९३९-४० आणि १९४०-४१, महाराष्ट्राच्या संघानं जिंकले.

संघाचे कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. १९२६ साली गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी मुंबईत १४८ धावा काढल्या होत्या. पण १९३२ साली भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला गेला तेव्हा देवधर चाळिशीत पोचले होते, आणि त्यांना त्यात जागा मिळाली नाही. दुसरा एखादा असता तर बॅट माळ्यावर टाकून शब्दरूपं शिकवत बसला असता. हे मात्र खेळत राहिले आणि तरुण पोरं जमवत राहिले.

त्या पोरांत सांगलीचे विजय हजारे होते. १९३९-४० च्या हंगामात बडोद्याविरुद्ध पुण्याला हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजानं काढलेलं ते पहिलं त्रिशतक. त्यातली खरी गंमत नवव्या विकेटची. हजारे आणि नागरवाला या जोडीनं त्या विकेटसाठी २४५ धावांची भागी केली. त्याच हंगामात महाराष्ट्रानं संयुक्त प्रांताला पुण्यात दहा गडी राखून हरवलं आणि करंडक पहिल्यांदा जिंकला.

ही भागी वडील आयुष्यभर सांगत. का, ते समजायला मुंबईची दुसरी एक स्पर्धा आठवावी लागते. ती होती पंचरंगी. तिथे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे पाच संघ धर्मावरून पडलेले असत. तिला रणजीपेक्षा कितीतरी जास्त गर्दी होई. देवधरही त्या परंपरेत हिंदूंच्या संघातून खेळलेले होते. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'इतर' संघात. नागरवाला पारशी. म्हणजे मुंबईच्या मैदानावर हे तिघे तीन वेगवेगळ्या तंबूंतले. पुण्यात मात्र तिघे एकाच धावफलकावर, आणि त्या धावफलकाच्या डोक्यावर एकच नाव, महाराष्ट्र!

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचा सल्ला घ्यायला वर्ध्याला गेली. वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, सत्याग्रही तुरुंगात जात होते. अशा वेळी असले सामने बंद राहावेत असंच आपल्याला वाटतं, आणि खेळात धर्मावरून संघ पाडणं तर आपल्याला कधीच रुचलेलं नाही, अशा अर्थाचं मत गांधीजींनी दिलं. त्या वर्षी हिंदूंचा संघ पंचरंगीत उतरला नाही. अण्णांनी ती बातमी वडिलांपुढे ठेवली. "वाच. आता तरी सोड."

वडिलांनी वाचली आणि म्हणाले, "अण्णा, यात दोन गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट तर आमचे देवधर रोज करताहेत."

त्याच हंगामात पुण्याला महाराष्ट्र आणि मुंबई यांची गाठ पडली. देवधरांनी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी २४६ धावा काढल्या. महाराष्ट्राच्या झाल्या ६७५. मुंबईनं झुंजत झुंजत ६५० पर्यंत मजल मारली, आणि पहिल्या डावाच्या पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. रंगा सोहोनींनी त्या हंगामात ६५५ धावांचा पाऊस पाडला. अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासच्या घरी जाऊन सहा गड्यांनी हरवलं. करंडक दुसऱ्यांदा आला. पुढच्या ऐंशी वर्षांत तो या संघाला पुन्हा मिळाला नाही.

आता कोल्हापूरचं. श्रोतेहो, १९४१ साली भारताच्या नकाशावर महाराष्ट्र नावाचं राज्य शोधून सापडलं नसतं. पुणे मुंबई इलाख्यात होतं. हजाऱ्यांची सांगली हे एक संस्थान, आपलं कोल्हापूर दुसरं. राज्य झालं १ मे १९६० रोजी. म्हणजे महाराष्ट्र क्रिकेटमध्ये भारताचा अजिंक्य ठरला, तो राज्य होण्याच्या वीस वर्षं आधी. कोल्हापूर संस्थानचे प्रजाजन असलेले माझे वडील मद्रासच्या विजयावर "आपण जिंकलो" म्हणून नाचले. ते 'आपण' कोण, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

डिसेंबर १९४८ मध्ये त्याची पुरती साक्ष मिळाली. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध पुण्याला खेळत होते. त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठेवाडच्या संघानं सामना सोडून दिला आणि विक्रम हुकला. तेव्हा कोल्हापूर अजून संस्थानच होतं. विलीनीकरण झालं १ मार्च १९४९ रोजी. म्हणजे कोल्हापूर महाराष्ट्राच्या कागदावर येण्याआधी कोल्हापूरचा गडी महाराष्ट्राच्या धावफलकावर येऊन गेला होता. त्या दिवशी खेळाचं पान आधी अण्णांनी ओढून घेतलं. "नऊच राहिल्या रे!" एवढंच म्हणाले.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा मोर्च्यांत चालले. तेव्हा वडील त्यांना चिडवत, "अण्णा, तुम्ही आज मागताय ते देवधरांनी चाळीस सालीच जिंकून आणलंय." अण्णा हसत, पण हार मानत नसत. "खेळून राज्य मिळत नाही," म्हणत. तेही खरंच होतं.

युद्ध चालू असताना, माणसं तुरुंगात असताना खेळावं का? वडिलांनी याचं उत्तर छातीठोकपणे कधी दिलं नाही. ते एवढंच म्हणत, की टाळी कुणासाठी वाजवायची हे माणूस कुठेतरी शिकतो. पंचरंगी १९४६ नंतर कायमची बंद झाली. नागरवाला आणि हजाऱ्यांसाठी एकाच दमात टाळी वाजवायला राजाराम कॉलेजातला एक विद्यार्थी त्याच्या कितीतरी आधी शिकला होता, तेही शंभर कोसांवरून, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर.