रेडिओ कोपऱ्यात ठेवून बघा

श्रोतेहो, बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक काम सांगतो. ज्या रेडिओवर तुम्ही मला ऐकताय तो उचला आणि खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथं, खाली फरशीवर ठेवा. तोंड खोलीकडं असू द्या. मोबाईलवर ऐकत असाल तर तो एखाद्या रिकाम्या पातेल्यात ठेवा. ठेवलात? माझा आवाज जरा भारदस्त झाला असेल. इकडं स्टुडिओत मी मात्र होतो तसाच बसलोय.

एक स्क्रू न फिरवता, एक पैसा न घालता आवाज बदलला. खालचा, जाड स्वर स्पीकरमधून चारी दिशांना पांगतो. भिंती आणि फरशी त्याला अडवतात आणि सगळा तुमच्याकडं लोटतात, म्हणून तो वजनदार वाटतो. जुने स्पीकर गोळा करायचे, दुरुस्त करायचे, जमलं तर सुधारायचे, हा माझा छंद. त्या छंदातलं निम्मं शहाणपण या कोपऱ्याच्या प्रयोगात आहे. उरलेलं निम्मं मला चुका करून मिळालं. आज त्या चुकाच तुमच्यापुढं मांडणार आहे.

मी शिरूर अनंतपाळचा. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ आला तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता; लातूर जिल्हा झाला १९८२ साली. वडील शिक्षक. रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागे आणि त्याचं पुस्तक वडील शाळेच्या कागदपत्रांसारखं जपून ठेवत. घर माळवदाचं. दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बैठकीच्या भिंतीत देवळी होती, तिच्यात रेडिओ. बटण फिरवलं की आधी डायलचा दिवा लागायचा. मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे गप्प. आणि मग हळूहळू, लांबून कुणीतरी चालत यावं तसा आवाज यायचा. परभणी, हैदराबाद आणि रात्री सिलोन.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडं जीवितहानी झाली नाही, पण भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होईना. आम्ही पत्र्यात गेलो, मग काही वर्षांनी स्लॅबच्या घरात. रेडिओ पोत्यात बांधलेला होता तो तसाच माळ्यावर गेला.

तो पुन्हा खाली काढला तेव्हा वडील नव्हते. उंदरांनी स्पीकरचा कोन एका बाजूनं कुरतडला होता. कोन म्हणजे कागदाचा तो शंकू. त्याच्या बुडाशी बारीक तारेची कॉईल असते आणि ती कॉईल चुंबकाच्या फटीत तरंगत असते. तारेतून आवाजाची वीज गेली की कॉईल मागंपुढं होते, कोन तिच्याबरोबर हलतो आणि कोन हवेला हलवतो. बस्स, एवढंच. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ साली ही रचना नीट बसवून दिली. शंभर वर्षं झाली, तुमच्या टीव्हीतला स्पीकर असो की वरातीतल्या डीजेचा, आत तेच चाललंय.

आता माझी पहिली चूक. कोन चिकटवला, तरी खरखर जाईना. फटीत धूळ गेली असणार, असं ठरवून मी चुंबकच खोलून बाहेर काढला. फट पुसली, सगळं जागच्या जागी बसवलं. खरखर गेली आणि आवाजही गेला. म्हणजे यायचा, पण आजाऱ्यासारखा. महिनाभर मी सर्किटमध्ये दोष शोधत होतो. पुढं कळलं ते असं. त्या काळच्या स्पीकरांत अल्निकोचा चुंबक असे. अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट ही त्यातली मुख्य नावं. हा चुंबक लोखंडी सांगाड्यात बसवून झाल्यावर भारतात. सांगाड्यातून उपटून काढला की त्याची बरीच ताकद तिथंच जाते आणि परत बसवून ती येत नाही. चाळीस वर्षं टिकलेली ताकद मी एका दुपारी घालवली होती.

फटीतली धूळ काढायची असेल तर चुंबक जागेवरच राहू द्यावा. चिकटपट्टी उलटी दुमडून त्या फटीत घालावी आणि हलके फिरवावी, कचरा चिकटून येतो. आणि ज्या टेबलावर कानस किंवा ड्रिल चालवली असेल तिथं स्पीकर उघडा ठेवू नये. लोखंडाचा कीस वाट बघत बसलेला असतो.

दुसरं काम भंगारातून आणलेल्या जोडीचं. रेकॉर्ड प्लेअरच्या जमान्यातले लाकडी बॉक्स, आत वूफर आणि ट्वीटर. वूफरच्या कोनाभोवती फोमची कडा होती. बोट लावलं आणि ती काळ्या भुग्यासारखी खाली पडली. यात मारझोड कुणी केलेली नसते. हा फोम हवेनं आणि दमटपणानं आपोआप कुजतो, पंधरा-वीस वर्षांत. नवी कडा बाजारात मिळते. ती चिकटवताना कॉईल फटीच्या बरोबर मधोमध राहिली पाहिजे, नाहीतर घासते. त्यासाठी मधली टोपी काढून कॉईलच्या आत जुन्या एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या चारी बाजूंनी खोचायच्या. डिंक वाळला की पट्ट्या काढायच्या, टोपी लावायची. घरात कुणाच्या तरी मोडलेल्या हाताचा एक्स-रे असतोच. आमच्याकडं माझ्याच हाताचा होता.

त्याच बॉक्समध्ये ट्वीटरच्या तारेत एक कंडेन्सर होता. कंडेन्सर इथं चाळणीचं काम करतो. बारीक, उंच स्वर पुढं सोडतो, जाड स्वर अडवतो. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला तर साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचा आवाज हळूहळू कमी होत जातो. जुन्या कंडेन्सरच्या आतला ओलावा वर्षानुवर्षं सुकत जातो आणि चाळणीची भोकं बदलतात. तेवढा एक बदलला की झांजा आणि घुंगरं परत येतात. जुन्या स्पीकरवर करायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हमखास उपाय कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो.

या यशानं माझं डोकं फिरलं. वाटलं, मग वडिलांच्या रेडिओलाही ट्वीटर का लावू नये? लावला. मीडियम वेव्हवर बातम्या लावल्या आणि ऐकू आली नुसती सळसळ, तव्यावर तेल तडतडावं तशी. निवेदिकेचा आवाज होता तसाच, पण तिच्यामागं पाऊस पडत होता. ही दुसरी चूक. मीडियम वेव्हच्या प्रसारणात पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही नसतं. म्हणजे ट्वीटरच्या वाट्याला गाणं येतच नव्हतं, येत होती ती फक्त हवेतली खरखर. ज्यांनी तो रेडिओ बनवला त्यांना हे ठाऊक होतं. माणसाचं बोलणं आणि गाणाऱ्याचा गळा स्वच्छ यावा, एवढ्यासाठीच त्यांनी तो एकटा स्पीकर बेतला होता. त्यांनी मुद्दाम घालून ठेवलेली मर्यादा मला उणीव वाटली होती. ट्वीटर काढला. बातम्या पुन्हा बातम्यांसारख्या ऐकू आल्या.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. जोडीतला एकच स्पीकर सुधारायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. मग आठ दिवस आलटून पालटून दोन्ही ऐकायचे. आणि ऐकताना दोघांचा आवाज सारखाच मोठा ठेवायचा. कारण कान फार लबाड आहे. जो स्पीकर किंचित मोठ्यानं वाजतो तोच त्याला चांगला वाटतो. दुकानदाराला हे माहीत असतं, डीजेवाल्याला तर असतंच. आठ दिवसांनी मला फरक सांगता आला नाही, तर मी बदल परत काढून टाकतो. निम्म्या वेळा काढून टाकावाच लागतो.

आता माठाची गोष्ट. खेडोपाडी पोरं टेपचा सुटा स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा ठेवत, हे तुम्ही पाहिलं असेल, कदाचित स्वतः केलंही असेल. आवाज घुमायला लागतो. याला आपण गावठी जुगाड म्हणतो, पण त्यात पक्कं शास्त्र आहे. कोन पुढं जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. सुटा स्पीकर वाजवला की पुढची आणि मागची हवा काठावरून एकमेकींत मिसळते आणि जाड स्वर तिथल्या तिथं मरतो. माठ एका बाजूच्या हवेला कोंडून ठेवतो, म्हणून जाड स्वर जगतो. लाकडी बॉक्सही हेच करतो.

मी मोठा डेरा आणून रीतसर तोंड बंद करून स्पीकर बसवला, बाजूला एक भोक पाडलं. ढोलकी काय वाजली म्हणता! दुसऱ्या गाण्यातही तशीच वाजली. तिसऱ्यातही तोच ठेका, तोच सूर. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की तिचा एक ठरलेला सूर निघतो, तसा डेऱ्याचाही एक सूर असतो. गाणं कोणतंही असो, डेरा आपलाच सूर लावतो. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणून आत सैलसर भरला, तेव्हा तो निवळला. तुमच्या लाकडी बॉक्सच्या आत जो कापूस किंवा लोकर असते, ती याच कामाला असते. ती काढून टाकू नका.

एक धोक्याची सूचना मात्र हसण्यावारी नेऊ नका. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ स्वतः उघडू नका. आत दोनशे व्होल्टच्या वर वीज असते आणि पिन काढल्यावरही कंडेन्सर काही वेळ ती धरून ठेवतात. काही सेटमध्ये तर ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि आतली पत्र्याची बैठक थेट मेनशी जोडलेली असते. मी एकदा कोपरापर्यंत झटका खाल्लेला आहे. जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसून शिका. हौस असेल तर सुट्या स्पीकरपासून सुरुवात करा, तिथं दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेलची दोन टोकं स्पीकरला क्षणभर लावली की कोन पुढं किंवा मागं सरकतो. जोडीतले दोन्ही सारख्याच बाजूला सरकले पाहिजेत. एक पुढं आणि एक मागं गेला तर तारा उलट्या लागल्या आहेत, आणि दोन महागडे स्पीकर मिळूनही जाड स्वर गायब होतो. मी लोकांच्या घरी जाऊन केलेल्या निम्म्या सुधारणा म्हणजे एवढ्या दोन तारांची अदलाबदल.

शेवटी वडिलांच्या रेडिओबद्दल सांगायचं राहिलं. तशाच मापाचा दुसरा जुना स्पीकर मिळाला, तो बसवला. मेकॅनिकनं सर्किट चालू करून दिलं. सगळं जसंच्या तसं. पण आई म्हणाली, "हा त्यांचा रेडिओ नाही रे. हा टाकीत बोलल्यावानी बोलतोय." मी पुन्हा खोलायला निघालो, तर तिनं हात धरला. म्हणाली, "रेडिओ बरा हाय. घर बदललंय."

खरंच होतं. माळवदाच्या मातीच्या भिंती आवाज पिऊन टाकत. स्लॅबच्या घरात गुळगुळीत भिंती आणि टाइल्सची फरशी. शब्द एकीवरून उडून दुसरीवर आदळतो, आणि पहिला संपायच्या आत दुसरा येतो. तिनं जुनी वाकळ काढली, तिच्याच लुगड्यांची शिवलेली, आणि रेडिओसमोरच्या भिंतीवर खुंटीला टांगली. दुसरी जमिनीवर अंथरली. मी वर्षभर जे डागणी घेऊन शोधत होतो ते तिनं दोन वाकळांत करून दाखवलं.

म्हणून मी हल्ली कुणी स्पीकर घेऊन आलं की आधी विचारतो, घर कसं आहे? कशावर ठेवलाय? काय ऐकता? ही तीन उत्तरं मिळाल्यावर बरेच जण स्पीकर न उघडताच परत नेतात.

आणि हो, तुमचा रेडिओ अजून कोपऱ्यात असेल. तो आता उचलून होता तिथं ठेवा. माझा आवाज पुन्हा पातळ झाला ना? हाच माझा खरा आवाज.