शरदांतील बाग आणि भुईंतलें पाणी

(नभोवाणीवरील भाषण)

हस्ताचा पाऊस पडून गेला आणि चित्रांत एखाद-दुसरी सर येऊन गेली, कीं माहुलीच्या सुळक्यांवरचे ढग विरूं लागतात व शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांवर स्वच्छ ऊन पडतें. खाचरांतील भात पिवळें होऊं लागतें. बांधावरचें गवत कंबरेइतकें वाढलेलें असतें. अशा वेळीं, शहरांतील ज्या कुटुंबांनीं आसनगांवच्या बाजूस किंवा कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सुटीचें लहानसें घर बांधलें आहे, त्यांना तेथील बागेची आठवण होते. चार महिन्यांत पावसानें जें अफाट वाढविलें, त्याची आतां व्यवस्था कशी लावावी?

पुष्कळ हौशी गृहस्थ या प्रश्नाचें उत्तर विलायती पुस्तकांत शोधतात. त्या पुस्तकांतील शरद म्हणजे पानगळीचा काळ. गळलेलीं पानें गोळा करावीं, नाजूक झाडें हिमापासून जपावीं, आणि बागेला वसंतापर्यंत झोंपूं द्यावें, असा तेथील उपदेश असतो. सह्याद्रीच्या पायथ्याशीं तो फारसा उपयोगीं पडत नाहीं. येथील साग आणि पळस आपलीं पानें टाकतात तीं हिवाळा सरतां सरतां. आश्विनांत येथें थंडी येत नाहीं, उलट उकाडा वाढतो. येथील शरदांत एकच मोठी घटना घडते, ती म्हणजे पाऊस थांबतो. तो पुन्हां येणार मृगाच्या सुमारास. मधले सुमारे आठ महिने बागेनें कशावर जगावयाचें, हें बहुतांशीं आश्विन-कार्तिकांत ठरतें.

या भागांत वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. एवढें पाणी जातें कोठें? उतारावर मातीचा थर पातळ असतो. त्याखालीं मुरूम आणि मुरुमाखालीं काळा पाषाण. या पाषाणांत पाणी सांठतें तें केवळ भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. म्हणून पावसाचा फार मोठा भाग ओढ्यांतून भातसा, काळू या नद्यांना आणि त्यांतून उल्हास नदीला मिळून समुद्राकडे जातो. वरच्या हात-दीड हात मातींत जी ओल मागें राहते, तेंच बागेचें भांडवल. तें दोन वाटांनीं खर्च होतें. उघड्या मातींतून ऊन तें शोषून घेतें, आणि नको असलेलें तण तें आपल्या पानांवाटे हवेंत सोडून देतें. या दोन वाटा बंद करणें हेंच शरदांतील बागकामाचें सार होय.

पहिलें काम तणाचें. टाकळ्याच्या शेंगा वाळून फुटण्यापूर्वीं आणि रानमोडीला फुलें येण्यापूर्वीं तीं झुडपें उपटावीं. गाजरगवत उपटतांना हातमोजे घालावे, कारण त्यामुळें पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. एकदां बीं जमिनींत पडलें, म्हणजे पुढल्या वर्षाचें काम दुप्पट होतें. उंच गवतांत शिरण्यापूर्वीं काठीनें तें हालवावें व पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट असावे. फुरसें, घोणस आणि मण्यार हे विषारी साप या भागांत आढळतात. सर्पदंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडतां रोग्याला तडक सरकारी रुग्णालयांत न्यावें.

कापलेलें गवत आणि बीं न धरलेलें तण जाळूं नये. तेंच झाडांच्या बुंध्याभोंवतीं चार बोटें जाड पसरावें, मात्र बुंध्याला लागून ठेवूं नये, नाहींतर साल कुजते. भाताची झोडणी झाल्यावर पेंढा मिळाला तर त्याचाहि उपयोग होतो. आच्छादन पसरण्यापूर्वीं माती वरवर खुरपून मोकळी करावी आणि झाडाच्या विस्ताराइतकें रुंद आळें करून घ्यावें. पुष्कळ माळी बुंध्याशीं वीतभर खळगा करून त्यांत पाणी ओततात. परंतु पाणी शोषून घेणारीं बारीक मुळें तेथें थोडींच असतात, तीं असतात फांद्यांच्या टोंकांखालीं.

आतां हिरवळीचा विचार. पावसांत तुडवल्या गेलेल्या हिरवळीची माती घट्ट झालेली असते. तिला दांताळ्याच्या टोंकांनीं भोंकें पाडावीं व वर चाळलेलें शेणखत पातळ पसरावें. गवत मुळाशीं भादरूं नये. दोन इंच उंची ठेवावी आणि एका वेळीं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये. उंच पात्याखालीं जमीन सावलींत राहते आणि मुळें खोल जातात. पाणी रोज थोडें शिंपण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां-दोनदां खोलवर मुरेल असें द्यावें, आणि तें पहांटे.

परंतु हिरवळ किती असावी, हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. तो साध्या अंकगणितानें सुटण्यासारखा आहे. १,००० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरांची हिरवळ घ्या. ती सदैव हिरवीगार राहण्यासाठीं सरासरीनें रोज ५ मिलिमीटर पाणी लागतें असें धरलें, तर दिवसाला सुमारे ४६५ लिटर पाणी झालें. हंडा १५ लिटरांचा धरला, तर रोजचे ३१ हंडे! आठ महिन्यांचा हिशेब एक लाख अकरा हजार लिटरांच्या वर जातो. दहा हजार लिटरांच्या टँकरांनीं मोजावयाचें तर अकरा टँकर भरतील.

हा हिशेब इतरत्र कोणी केला तर तो केवळ काटकसरीचा प्रश्न ठरेल. शहापूर-मुरबाडांत त्याला निराळा अर्थ आहे. १८९२ सालीं पुरा झालेला तानसा तलाव शहापूरच्याच परिसरांतला. मुंबईच्या सात जलाशयांच्या सांठ्यांपैकीं सुमारे निम्मा सांठा ज्यांत असतो, तो भातसाहि याच तालुक्यांतला. मुरबाडकडच्या बारवी धरणाचें पाणी ठाणें-कल्याणच्या बाजूची वस्ती आणि कारखाने यांना जातें. आणि या जलाशयांच्या आसपासच्या डोंगरांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत विहिरी तळाला जातात, बायका डोईवर हंडे घेऊन दूर चालतात आणि टँकरची वाट पाहतात. सुटीच्या घराची कूपनलिका आणि शेजारच्या पाड्याची विहीर एकाच पाषाणाच्या भेगांतून पाणी घेत असण्याचा संभव असतो. तेव्हां रोजचे ३१ हंडे कोणाच्या वांट्याचे, हें हिरवळीच्या मालकानें मनाशीं एकदां ठरविलें पाहिजे. मुंबईंतल्या इमारतीच्या अंगणांतील हिरवळहि याला अपवाद नाहीं, कारण तिच्या नळांतलें पाणी याच डोंगरांतून आलेलें असतें.

याचा अर्थ हिरवळ उखडून टाकावी असा मुळींच नव्हे. बसण्याउठण्यापुरती, २०० चौरस फुटांची हिरवळ ठेवली तरी घराची शोभा राहते, आणि पाण्याचा खर्च पांचव्या हिश्शावर येतो. ती रोपवाटिकेंतून गालिच्यासारख्या गुंडाळून आणलेल्या गवताची न करतां साध्या हरळीची करावी. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच. उन्हाळ्यांत पाणी तुटलें कीं ती पिवळी पडते, पण तिचे जमिनींतले कांडे बहुधा जिवंत राहतात आणि पहिल्या पावसासरशी ती पुन्हां फुटते. चैत्रांत हरळी पिवळी पडली तर त्यांत बागेची अब्रू जात नाहीं. उरलेल्या जागेंत या मातीला मानवणारीं झाडें लावावीं. पहिलीं दोन-तीन वर्षें सांभाळलीं, म्हणजे पुढें त्यांना पाण्याची फारशी अपेक्षा राहत नाहीं.

या बाबतींत येथील शेतकरी चांगला गुरु आहे. भात कापून झालें कीं खाचर कोरडें पडण्याची वाट न पाहतां तो त्यांत वाल पेरतो. पावसाची आशा नसते, पाटाचें पाणीहि बहुधा नसतें. भातानें मागें ठेवलेल्या ओलीवर वाल उगवतो, फुलतो आणि शेंगा देतो. चार-आठ दिवसांचा उशीर झाला तर ओल हातची जाते, हें त्याला ठाऊक असतें. बागेंतली मेथी, कोथिंबीर, मुळा हींहि याच हिशेबानें लवकर पेरावीं.

फुलझाडांचीं कामें थोडक्यांत सांगतां येतील. गुलाबाची छाटणी आश्विनांत, पाऊस निश्चित थांबल्यावर करावी. चाळीस-पन्नास दिवसांत फूल येतें. शेवंतीला काठीचा आधार द्यावा व मोठें फूल हवें असेल तर बाजूच्या कळ्या खुडाव्या. मोगऱ्याचें पाणी हिवाळ्यांत कमी करावें. फळणाऱ्या आंब्याला मोहोर येईपर्यंत पाणी देऊंच नये. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलें पाणी ओतून टाकावें, त्यांत डांस वाढतात. स्नानाचें व भाजी धुतल्याचें पाणी आळ्यांकडे वळविण्याची नाळी याच दिवसांत खणून घ्यावी.

हीं सगळीं कामें दिवाळीच्या आंत उरकावीं. उघड्या जमिनीवर ऑक्टोबरच्या उन्हाचा एकेक दिवस म्हणजे ओलीचा एकेक थर कमी. ज्यांना दिवाळीच्या सुटींत शहापूर-मुरबाडकडे जावयाचें असेल, त्यांनीं फटाक्यांच्या पिशवीबरोबर एक खुरपें आणि एक विळा घेऊन जावें, म्हणजे झालें.